मशीन तुही, पूजा माही

भिंतीत होल मारणं हा माझा धंदा. आधी सुतारकाम करायचो, पण लाकडी दारं जाऊन लोखंडाची आणि प्लास्टिकची आली तेव्हा रंधा माळ्यावर टाकला आणि भिंतीकडे वळलो. पडद्याचे दांडे, टीव्हीचा स्टँड, पाण्याचं फिल्टर, देवघर, बुद्धाची तसबीर, पुढाऱ्याबरोबर काढलेला फोटो, असं जे जे माणसाला जमिनीवर ठेवावंसं वाटत नाही ते भिंतीवर चढवायला केनवडात आणि आसपासच्या गावांत मला बोलावतात. नाव गौतम. पण नुसतं गौतम म्हणून विचाराल तर गावात घरोघरी सापडतील, 'होलवाले मिस्त्री' म्हणून विचारा.

या अंकाच्या संपादकबाईंनी लिहायला सांगितलं तेव्हा मी म्हटलं, बाई, होलाबद्दल काय लिहायचं, तिथं तर काहीच नसतं. त्या हसल्या आणि म्हणाल्या, माणसांबद्दल लिहा. ते मात्र भरपूर आहे.

आधी मशीनची ओळख करून देतो, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यावरून झालं. पूर्वीची ड्रिल वायरवाली होती. ती चालवायला एक मिस्त्री, एक लांब वायर आणि वीज मंडळाची कृपा अशा तीन गोष्टी लागत, आणि तिसरी ऐन वेळी रुसत असे. मग चार्जिंगवाली आली. दिसायला पिस्तुलासारखी. पुढे जबडा असतो, त्याला चक म्हणतात. त्यात होल मारायचं बिट धरायचं. चकामागे आकड्यांची कडी असते. स्क्रू किती जोरानं आवळायचा ते तिथं ठरतं. आकडा लहान ठेवला तर स्क्रू घट्ट झाल्यावर मशीन 'कर्र' करून स्वतःच थांबते, मोठा ठेवला तर स्क्रूचं डोकं तासून मोकळी होते. त्याच कडीवर स्क्रूचं, बिटाचं आणि हातोडीचं चित्र असतं. हातोडी म्हणजे मशीन फिरता फिरता ठोकेही मारणार. ते फक्त विटेच्या आणि सिमेंटच्या भिंतीसाठी. दाबायच्या बटणाला आम्ही घोडा म्हणतो. घोड्याच्या वर एक आडवी कळ असते. ती एका बाजूनं दाबली की मशीन सुलटी फिरते, दुसऱ्या बाजूनं उलटी, आणि मधे ठेवली की घोडा दबतच नाही. मुठीच्या खाली बॅटरी.

बिट बदलायचं असो, कडी फिरवायची असो, की मशीन नुसती कुणाच्या हातात द्यायची असो, आधी बॅटरी काढायची. हा माझा पहिला नेम. दुसरा नेम, अंगावर लोंबतं काही ठेवायचं नाही. गमछा, ओढणी, पदर, गळ्यातली माळ, सगळं आवरायचं, कारण फिरता चक पाहुण्यासारखा असतो, त्याच्या हाती पदराचा शेव लागला की अख्खं लुगडं ओढतो. तिसरा नेम चष्म्याचा. गिऱ्हाइकांना वाटतं मी ऐट करतो. डोळ्यात एकदा सिमेंट गेलं की ऐट कशाला म्हणतात ते कळतं.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. मानोऱ्याला एका कापड दुकानदाराकडे घड्याळ लावायचं होतं, आणि त्याला ते बरोबर घंटीच्या बटणाच्या वर हवं होतं. मी म्हटलं, बटणातून वायर सरळ वर जाते, तिथं होल मारायचं नाही. तो म्हणाला, "हे घर म्या उभं राहून बांधलं. या भिंतीत वायर नाई. लिहून देऊ का?" मी ऐकलं नाही. मेन बंद केलं, हातभर बाजूला होल मारला, घड्याळ लावलं आणि आलो. मी गेल्यावर पठ्ठ्यानं स्वतःच हवं तिथं खिळा ठोकला. दुसऱ्या दिवशी फोन आला. "मिस्त्री, कालपासून घंटी वाजून राह्यली. दार उघडतो तं कोनीच नाई. बायको म्हनते घरात काईतरी शिरलं." मी म्हटलं, शिरलंच आहे, तुम्हीच ठोकलं आहे, आधी मेन बंद करा.

दुसरा नमुना पोहरादेवीच्या जत्रेतला. एका दुकानाच्या छपराचे स्क्रू आवळायला गेलो होतो. शेजारचा भजीवाला म्हणाला, "पाच मिनटं देता का मशीन? पाटी लावाची हाय." माणूस बरा दिसला म्हणून दिली. थोड्या वेळानं आरडाओरडा ऐकू आला. त्यानं चकात झाऱ्याचा दांडा धरला होता आणि पिपात बेसन घोटायला घेतलं होतं, ते पण कडी हातोडीवर ठेवून. पीप कोरडं पडलं होतं, आणि भजीवाला, त्याची बायको आणि रांगेतली सगळी माणसं तळायच्या आधीची भजी झाली होती. मी कपाळावर हात मारला. तो डोळ्यांवरचं पीठ पुसत म्हणाला, "काई म्हना मिस्त्री, गुठळी एक नाई राह्यली."

पण मला सांगायचं आहे ते द्वारकाकाकूंबद्दल.

काकू केनवडातल्याच, वयानं ऐंशीच्या घरात. नवरा लवकर गेला. शेती त्यांनी एकटीनं सांभाळली, आणि अजूनही सोयाबीन काढायला मजूर आले की धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, खुर्ची टाकून बसतात. एकुलता मुलगा प्रकाश पुण्यात कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे, सातव्या मजल्यावर राहतो. मुलगा गुणी. आईची सोय म्हणून त्यानं जुनी न्हाणी पाडून नवी बाथरूम बांधून दिली. तिथं खालपासून वरपर्यंत अशा चकचकीत टाइल लावल्या की काकू म्हणायच्या, "आंगोय कराले जाते तं चौफेर मीच दिसते. इतकं कोन पाह्यते सोताले?"

त्याच टाइलवर पावसाळ्यात काकू घसरल्या. हाड मोडलं नाही, पण बरेच दिवस खाटेवर काढावे लागले. शेजारणींनी केलं सगळं. प्रकाश धावत आला आणि जाताना सांगून गेला की दसऱ्याला गाडी घेऊन येतो, आता तू कायमची पुण्याला चल. काकूंनी रडून पाहिलं, रागावून पाहिलं, शेवटी सौदा केला. बाथरूमच्या भिंतींना धरायचे दांडे बसवायचे. प्रकाशनं स्वतः ओढून पाहायचे. पक्के निघाले तर काकू केनवडात राहणार, नाही तर बॅग भरणार. प्रकाशनं दोन स्टीलचे दांडे पाठवून दिले, आणि दसऱ्याच्या आदल्या दिवशी काकूंनी मला बोलावलं.

"गौतमा," त्या म्हणाल्या, "हे दोन दांडे भिंतीले बसले तं मी अथीच मरन. नाई बसले तं सातव्या मजल्यावर मरन. वावरात सोयाबीन उभं हाय आन मी लिफ्टमंदी उभी राहू काय रे?"

त्या हसून बोलल्या, पण खुर्चीच्या हातावर त्यांची मूठ आवळलेली होती. मला त्यांची फार दया आली. मी म्हटलं, "काकू, तुमी चिंता नोका करू."

भिंतीवर पेन्सिलनं खुणा केल्या, बिट लावलं, घोडा दाबला आणि मशीननं मान टाकली. दिवसभर दुसरीकडे काम करून आलो होतो, बॅटरी संपली होती. एरवी माझ्याकडे दोन असतात, एक मशीनला आणि एक चार्जरला. पण दुसरी फुगली होती, आणि फुगलेली बॅटरी वापरायची नसते. गावातली लाइट गेलेली. शेवटी काकूंच्या मधल्या खोलीत चार्जर लावून ठेवला, बॅटरी त्यात बसवली, मशीन वेगळी फळीवर ठेवली. म्हटलं, लाइट आली की होईल चार्ज, सकाळी लवकर येऊन अर्ध्या तासात मोकळा होतो.

आम्ही बौद्ध. दसऱ्याला आमच्याकडे पांढरे कपडे घालून विहारात वंदनेला जायचं असतं. हत्यारांची पूजा वगैरे आमच्याकडे नाही. काम उरकून परस्पर विहारात जाऊ म्हणून मी सकाळी पांढरा शर्ट, पांढरी पँट घालून काकूंकडे पोचलो. मधल्या खोलीत रांगोळी काढलेली. पाटावर विळा, कुऱ्हाड, डवऱ्याची म्हणजे कोळप्याची पास, शिलाई मशीनची कात्री, अडकित्ता हे सगळं धुऊनपुसून मांडलेलं. आणि सगळ्यांच्या मधोमध, नवरदेवासारखी झेंडूची माळ घालून, माझी ड्रिल.

"काकू, हे काय?"

"पूजा. दसऱ्याले घरातल्या हत्याराची पूजा करा लागते. घरात आलेलं हत्यार बिनपूजेचं ठेवू काय?"

मला हसू आलं. पण मग माझी नजर मुठीच्या खाली गेली आणि हसू तिथंच थांबलं. बॅटरी मशीनला होती.

"बॅटरी कोनं लावली?"

"म्याच. तू अर्धी तथी ठेवली, अर्धी अथी. खंडित देवाची पूजा करत असतेत का? म्या पाह्यलं, खाच होती, खट्कन बसली." हे सांगताना त्यांचा चेहरा असा फुलला होता की रागावताही येईना.

त्यांच्या हातात कुंकवाची कोयरी होती. चकाला हळद लावून झाली होती, पाण्याचे शिंतोडे उडवून झाले होते. "आता एकच टिकली राह्यली," त्या म्हणाल्या. "विळ्याले मुठीपाशी लावते. जथी हात लागते तथी कुंकू पायजे. याले हात कुठी लागते? अथी."

"काकू, घोड्याले हात नोका लावू!"

मी ओरडलो, पण काकूंचं बोट श्रद्धेनं आणि चांगलं दाबून टेकलं. मशीन गर्रकन फिरली. झेंडूची माळ चकाभोवती गुंडाळली, तुटली आणि चहूकडे सुटली. अक्षता, हळद, कुंकू, फुलं सगळं उडालं, आणि समोर पांढऱ्या कपड्यांत मी उभा. काकूंनी हात मागे घेतला तशी मशीन थांबली. त्यांचा पदर खोचलेला होता म्हणून निभावलं, नाही तर मी आज हे हसत लिहिलं नसतं.

काकू मात्र हात जोडून उभ्या. डोळ्यांत पाणी. "पावला रे बाप्पा! आजवर इतके दसरे झाले, विळा कधी हालला नाई."

मी आधी बॅटरी काढली. मग खाली बसलो. मग काकूंना सगळं समजावून सांगितलं, की ही देवाची नाही, बॅटरीची करणी आहे. पूजा करायची तर बॅटरी काढून करा, आडवी कळ बरोबर मधे ठेवून करा, आणि हवा जायच्या फटींत हळद भरू नका. त्यांनी लक्ष देऊन ऐकलं, कळ स्वतः पुढेमागे करून पाहिली. मी कोरड्या फडक्यानं मशीन पुसली, दात घासायच्या जुन्या ब्रशनं फटींतली हळद काढली, चकात अडकलेला दोरा चिमट्यानं ओढला. वारा लागू दिला. थोड्या वेळानं बॅटरी लावून अंगणात रिकामी फिरवून पाहिली. आवाज नेहमीचा होता, वास नव्हता, ठिणगी नव्हती. मी बाथरूमकडे निघालो.

काकू दारात आडव्या आल्या. "कुठी चालला?"

"दांडे बसवाले."

"आज?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी चोरीच केली. "पूजा झालेलं हत्यार त्या दिवशी चालवत असतेत का? आज त्याले आराम."

"काकू, मशीन माही हाय. आन मी तं पूजा करतच नाई."

"मशीन तुही हाय. पन पूजा माही हाय."

मी घड्याळाकडे बोट केलं, पुण्याच्या गाडीची आठवण दिली, लिफ्टची दिली, सोयाबीनची दिली. त्या खुर्चीवर जाऊन बसल्या. आतून घाबरल्या होत्या, हे दिसत होतं. पण जागच्या हलेनात. आयुष्यभर पाळलेला नेम आणि आयुष्यभर राहिलेलं घर यांच्यामधे म्हातारी अडकली होती, आणि दोन्ही सोडायला तयार नव्हती. मला राग यावा की कौतुक वाटावं कळेना.

तेवढ्यात दारात गाडी थांबली. प्रकाश पोचला. आईच्या पाया पडला, माझ्याकडे पाहून दचकला. पांढरे कपडे आणि त्यावर लाल शिंतोडे, त्याला वाटलं अपघातच झाला. मी म्हटलं, झाला नाही, होता होता राहिला. तो सरळ बाथरूममधे गेला आणि बाहेर आला.

"आई, भिंतीवर नुसत्या पेन्सिलच्या खुणा आहेत."

"हं."

"आपलं काय ठरलं होतं?"

"ठरलं व्हतं."

"मग बॅग भर. जेवून निघू."

मला वाटलं आता रडारड होईल. काकू मुकाट उठल्या, आत गेल्या, आणि खरंच बॅग घेऊन आल्या. प्रकाशला सुद्धा ते झेपलं नाही. बॅग गाडीत ठेवताना त्यानं दोनदा आईकडे पाहिलं. काकू म्हणाल्या, "जेवाचं मंग पाहू. आधी शिलंगन करू. दसऱ्याचं शिलंगन केल्याबिगर मी गाव सोडत नाई."

शिलंगण म्हणजे गावाची शीव ओलांडायची, आपट्याची पानं घ्यायची, सोनं म्हणून ती वाटायची.

"ते संध्याकाळी असतं ना?" प्रकाश म्हणाला.

"संध्याकायी मी तुह्या गाडीत राहीन. तथी आपटा हाय काय?"

काकू गाडीत पुढे बसल्या आणि माझी ड्रिल मागून घेऊन मांडीवर ठेवली. बॅटरी त्यांनी आधी काढायला लावली, हे मी अभिमानानं नमूद करतो. पूजलेलं हत्यार धन्यासोबत शिवेवर गेलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. धनी म्हणून मीही मागच्या सीटवर. प्रकाशनं आरशातून माझ्याकडे पाहून भुवई उंचावली. मी खांदे उडवले.

शिवेवर आपट्याचं झाड आहे. तिथं काकू उतरल्या, झाडाला हळदकुंकू वाहिलं, पानं तोडली. पहिलं पान मशीनवर ठेवलं, दुसरं मला दिलं, तिसरं प्रकाशच्या हातात ठेवून त्याच्या तोंडावरून हात फिरवला. "सोन्यासारखा राह्य." मग गाडीत बसल्या आणि म्हणाल्या, "आता गाडी फिरव."

"फिरव म्हणजे?"

"म्हंजे घरी. शिलंगनाले गेलेलं मानूस सोनं घेऊन घरी येते. तसंच फुडं निंगून गेलं तं त्याले परागंदा म्हनतेत. दसऱ्याच्या दिवशी मायले परागंदा करतो का?"

"आई, हे कुठल्या शास्त्रात लिहिलंय?"

"माह्या."

प्रकाश स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिला. पुढे पुण्याचा रस्ता मोकळा होता, बॅग डिक्कीत होती, आई बाजूला होती. मग त्यानं एकदम हसायला सुरुवात केली. हसता हसता डोळे पुसले आणि गाडी फिरवली.

उंबऱ्यावर काकूंनी त्याला ओवाळलं, मग मशीनला, आणि मी नको नको म्हणत असताना मलाही. ताट खाली ठेवून म्हणाल्या, "झाला आराम. शिलंगन झालं, हत्यार मोकयं झालं. लाव आता."

मी विचारलं, "काकू, हे सकाळीच काहून नाई सुचलं?"

"नेम मोडाचा नसते रे," त्या म्हणाल्या. "पन बाजूनं गाडीवाट असते. ते दिसाले टाइम लागते."

मी मशीन उचलली तर त्यांनी हात धरला. "तू नोको. हा मारन होल. ज्यानं फरशी चकचकीत केली त्यानंच मारावं."

प्रकाशनं आयुष्यात पहिल्यांदा ड्रिल हातात घेतली. पण आधी जागा पक्की करायची होती. काकूंनी माझ्या खुणा पाहिल्या आणि नापसंतीनं मान हलवली. स्टुलावर बसल्या, डोळे मिटले, आणि उठताना जसा तोल सावरतो तसा हात भिंतीवर टेकला. सकाळच्या कुंकवानं पंजा अजून लाल होता, तो टाइलवर उमटला. माझ्या खुणेपेक्षा बराच खाली. "पडताना मानूस टेप घेऊन मोजत नाई," त्या म्हणाल्या. तेव्हापासून मी दांडा बसवायला गेलो की आधी त्या घरच्या माणसाला बसवून उठवतो.

नळाची पाइपलाइन कुठून गेली ते प्रकाशला विचारलं. घर बांधताना त्यानं मोबाइलवर फोटो काढून ठेवले होते, फार शहाणपणाचं काम. पाइप पंजापासून दूर होता. जमीन कोरडी पुसली. प्रकाशचं नवं उपरणं काढायला लावलं, घड्याळ काढायला लावलं, माझा चष्मा त्याला दिला. बिट भाल्याच्या टोकाचं, काच-टाइलसाठीचं. ते चकात सरळ बसलं की नाही ते आधी हातानं फिरवून पाहिलं, मग चक आवळला, मग बॅटरी लावली. टाइलवर चिकटपट्टीची फुली मारली, म्हणजे बिट घसरत नाही. त्याच्या खाली कागदाचा खिसा चिकटवला, म्हणजे भुकटी त्यात पडते.

"हातोडी बंद," मी म्हटलं. "टाइल फोडाची नाई, तिची समजूत काढाची. घोडा हळू दाबा. दोनी हात. पाय फाकून उभे राहा. मशीनले रेटू नोका, तिले जाऊ द्या."

प्रकाश इतका हळू दाबत होता की बिट फिरत होतं की विचार करत होतं ते कळत नव्हतं. कपाळावर घाम. काकू मागून लोटीतून पाणी ओतायला आल्या, मशीन गरम होईल म्हणून. त्यांना मी अक्षरशः धरून बाहेर बसवलं. टाइल पार झाल्यावर थांबलो, बॅटरी काढली, भिंतीचं बिट लावलं, कडी हातोडीवर नेली. आता मशीन गुरगुरली आणि प्रकाशच्या चेहऱ्यावर हळूहळू तो आनंद आला जो पहिल्यांदा होल मारणाऱ्या प्रत्येकाच्या चेहऱ्यावर येतो. होल साफ केला, त्यात गिट्टी ठोकली, म्हणजे स्क्रूला पकडणारं प्लास्टिकचं नळकांडं. कडी मधल्या आकड्यावर आणली, स्क्रू आवळले. कर्र झालं. एक टाइल तडकली नाही.

सगळे होल त्यानंच मारले. शेवटच्या होलाला तर तो मला जवळ उभंही राहू देईना.

मग परीक्षा. प्रकाशनं एकेक दांडा धरून ओढला. मग पाय उचलून सगळा भार त्यावर टाकला. माणूस चांगला वजनदार, पण दांडा हलला नाही. काकू दारातून पाहत होत्या, पदराचं टोक तोंडात धरून. तो सरळ उभा राहिला, म्हणाला, "पक्का आहे," आणि डिक्कीतून बॅग काढायला गेला. काकूंनी भिंतीला पाठ टेकली आणि तोंडावरून पदर घेतला. त्या रडत होत्या. मीही जरा मशीन पुसत बसलो.

विहारात पोचलो तेव्हा वंदना संपत आली होती. कपड्यांकडे पाहून सगळ्यांनी विचारलं. मी म्हटलं, काकूंची मशीन पावली.

आता घरोघरी चार्जिंगच्या ड्रिल आल्या आहेत. होल मारायला मला कमी बोलावतात, लोकांनी मारलेले होल बुजवायला जास्त बोलावतात. कधी कधी वाईट वाटतं, पण भिंती आहेत तोवर भाकर आहे. काकूंकडे येणंजाणं सुरू राहिलं. दांड्यांवर लुगडं वाळत असायचं, कधी लसणाची माळ. "धरता ना काकू?" विचारलं की म्हणायच्या, "धराची गरजच नाई पडत. दांडा हाय म्हटलं की पाय घसरत नाई."

गेल्या उन्हाळ्यात त्यांचा फोन आला. खाटेजवळ एक दांडा बसवायचा आहे. मी घाबरलो, मशीन घेऊन धावत गेलो. काकू ओसरीवर ठणठणीत उभ्या. खाटेवर प्रकाश, मांडीपर्यंत प्लास्टर. पुण्यातल्या सातव्या मजल्यावरच्या बाथरूममधे घसरला होता. बायको नोकरीला, दिवसभर घरात कुणी नाही, म्हणून आईकडे आला होता.

मी भिंत ठोकून पाहत होतो तेवढ्यात तो कुबडी टेकत बाथरूमकडे गेला. काकू मागोमाग गेल्या. दार लोटलं. आतून आवाज आला, "माय, दांडा धरू ना? निंगन तं नाई?"

"धर," काकू म्हणाल्या. "होल तुहेच हायेत."

आणि तो बाहेर येईपर्यंत म्हातारी दाराशी दोन्ही हात पुढे करून उभी राहिली.